चार सनांचा दगड आणि भीमेकाठची वाट

माझा भाचा कामानिमित्त इटलीत असतो. गेल्या रमजानमध्ये सुट्टी काढून तो सिसिली बेटावर गेला आणि तिथून त्यानं मला एका दगडाचा फोटो पाठवला. मध्ये क्रूस, त्याच्या चारही बाजूंना चार वेगळ्या मजकुरांच्या ओळी. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, "मामू, सगळ्यात खालचं वाचा."

खालचा मजकूर अरबी होता. मक्तबात शिकलेली माझी अरबी कुराण वाचण्यापुरती, अर्थ लागतो तो थोडका. पण 'उम्म' हा शब्द लगेच ओळखला. उम्म म्हणजे आई. माझ्या आईला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि तिच्या कबरीवर अजून पाटीसुद्धा नव्हती, म्हणून असेल, तो शब्द डोळ्यांत अडकून बसला.

तो पालेर्मो शहरातला थडग्याचा दगड. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर, त्याच्या पदरी ग्रिसांदुस नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू होता. त्याची आई आन्ना ११४८ साली वारली. मुलानं तिच्या नावाचा दगड चार तऱ्हांनी कोरून घेतला : लॅटिन, ग्रीक, अरबी आणि चौथी पुन्हा अरबीच, पण हिब्रू अक्षरांत. प्रत्येक मजकुरात सन निराळा. लॅटिनमध्ये इसवी सन, अरबीत हिजरी ५४३, आणि ज्यूंच्या व ग्रीकांच्या मजकुरात सृष्टीच्या आरंभापासून मोजलेले त्यांचे त्यांचे सन. बाई एकदाच गेली, तिची तारीख मात्र चार जमातींना वाचता यावी अशी लिहिली गेली.

रात्री फोनवर भाचा म्हणाला, "आपल्याकडे असलं काही नाही ना मामू?"

मला हसू आलं. शिरूर-दौंड भागातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात पेशवाईतला मोडी कागद निघाला, तर त्यावरची तारीख बघा. लिपी मोडी, भाषा मराठी, लिहिणारा बहुधा ब्राह्मण कुलकर्णी, आणि सन शुहूर. त्याचे आकडे अरबी शब्दांत : इहिदे, अर्बा, खमस, सितैन, मया, अलफ. दिवसाच्या आधी 'छ' लिहितात, तो चंद्राचा. पुढे रबिलावल, जमादिलाखर असे आपले महिने. शेतसाऱ्याला फसली साल वेगळं. धर्मकार्याला शके वेगळा. वर्षानुवर्षं गावोगावच्या कुलकर्ण्यांनी अरबी आकडे तोंडपाठ करून मोडीत लिहिले, आणि त्यात कुणाला नवल वाटलं नाही. पालेर्मोच्या दगडाला काचेच्या कपाटात जागा मिळाली. आपले कागद वाळवीनं खाल्ले किंवा दिवाळीच्या साफसफाईत गेले.

भाचा ज्या वाटेनं फिरत होता ती आता जगप्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये युनेस्कोनं 'अरब-नॉर्मन पालेर्मो' या नावाखाली नऊ वास्तू जागतिक वारशात घेतल्या. सात पालेर्मो शहरात, बाकी दोन म्हणजे चेफालू आणि मोनरेआले इथली मोठी चर्चं. इतिहास थोडक्यात असा. ८२७ साली उत्तर आफ्रिकेतल्या अघलबी राज्याच्या फौजा सिसिलीत उतरल्या, ८३१ ला पालेर्मो त्यांच्या हाती आलं. पुढची दोन-अडीचशे वर्षं बेट मुस्लिम राजवटीखाली होतं. मग फ्रान्सच्या उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन सरदारांनी १०७२ साली पालेर्मो घेतलं, आणि ११३० मध्ये रॉजर राजा झाला. नॉर्मन लढण्यात पटाईत, पण संख्येनं मूठभर. वसुली कशी करायची, पाण्याचे वाटे कसे ठरवायचे, हे जाणणारे लोक अरब आणि ग्रीक होते. रॉजरनं त्यांना ठेवून घेतलं. त्याच्या राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिरात भिंतींवर ग्रीक कारागिरांची सोनेरी चित्रं आहेत, आणि वर लाकडी छत मात्र मुकर्नस पद्धतीचं, मधाच्या पोळ्यासारखं, त्यावर कूफी अक्षरं. त्याच्या आरमाराचा प्रमुख जॉर्ज हा अंताकियाचा ग्रीक ख्रिस्ती, आधी मुसलमान सुलतानाच्या चाकरीत राहून आलेला. त्यानं बांधलेला पूल अजून उभा आहे. 'अॅडमिरल' हा शब्दही मुळात अरबी 'अमीर'च.

इद्रिसी हा भूगोलकार याच रॉजरच्या आश्रयाला होता. ११५४ मध्ये पुरा झालेल्या त्याच्या ग्रंथात आपल्या ठाण्याचं आणि सोपाऱ्याचं नाव येतं. तो इकडे कधी आला नव्हता. व्यापाऱ्यांकडून आणि जुन्या पुस्तकांतून त्यानं ते घेतलं.

आणि ऊस. आमच्या घोडनदीपासून भीमेपर्यंत आज जो ऊस उभा आहे, दौंड तालुक्यात रस्त्यानं जाताना गुऱ्हाळांचा जो वास नाकात शिरतो, तो ऊस सिसिलीला नेला अरबांनी. लिंबूही पूर्वेकडून त्यांच्याच हातानं तिकडे गेलं. तिथल्या लिंबाच्या बागेतल्या पाण्याच्या टाक्याला शेतकरी आजही 'जेब्या' म्हणतो, अरबीतून आलेला शब्द. आपला शेतकरी 'हौद' म्हणतो, तोही अरबीच.

बकरी ईदला भाचा घरी आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, चल, आता माझ्या वाटेनं फिरू. या वाटेला पाट्या नाहीत, नकाशा नाही. पण एका दिवसात होते.

सुरुवात शिरूरमध्येच केली. इथं इंग्रजांची छावणी होती; ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच कोरेगावकडे निघाली. त्याच्याही आधी, १८०९ मध्ये कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी इथं वारला. १८८५ च्या पुणे गॅझेटियरात नोंद आहे की आसपासच्या गावचे लोक त्याच्या थडग्याला 'सत्पुरुष' मानून पुजतात आणि सुगीचा पहिला दाणा नैवेद्य म्हणून आणतात. मला ही नोंद फार आवडते. कबरीपुढे मान झुकवायची सवय आधीपासून होती. आत पीर आहे की साहेब, हा प्रश्न मागाहूनचा.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरलो, पुणे-सोलापूर रस्त्याला लागलो आणि यवतच्या बाजूनं भुलेश्वरचा डोंगर चढलो. तालुका पुरंदर लागतो, पण दौंडकरांचा श्रावणी सोमवार इथंच असतो. यादवकाळातलं काळ्या दगडाचं मंदिर. आत अंधार, खांबांवर महाभारताचे प्रसंग, सुरसुंदरी, आणि स्त्रीरूपातला गणपती, जो फार कमी ठिकाणी दिसतो. बाहेरून मात्र उंच सपाट भिंत, चुन्यातली घुमटीवजा शिखरं, मिनारासारखे कोपरे. नव्या माणसाला दुरून मशीदच वाटेल. या डोंगरावर १६३० च्या आसपास दौलतमंगळ नावाचा किल्ला उठला. उठवणारा मुरार जगदेव, विजापूरच्या आदिलशहाचा ब्राह्मण वजीर.

या मुरारपंतांना मी आमचा अंताकियाचा जॉर्ज म्हणतो. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला तो यांनीच, सुलतानाच्या वतीनं. आणि भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगावला १६३३ मध्ये हत्तीची तुला केली तीही यांनीच. हत्ती तोलायचा कसा? शहाजीराजांनी तोड सांगितली म्हणतात : हत्ती नावेत चढवा, नाव जिथपर्यंत बुडेल तिथं खूण करा, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरा, आणि दगड तोला. तेवढं दान झालं आणि नागरगावचं तुळापूर झालं. मुसलमान सुलतानाचा ब्राह्मण वजीर, मराठा सरदाराची अक्कल, हिंदू दानविधी. शाळेत आम्हांला ही गोष्ट सांगितली ती फक्त शहाजीराजांच्या हुशारीची म्हणून.

पण भुलेश्वरात दुसरंही दिसतं. मूर्तींची नाकं, हात, चेहरे फोडलेले आहेत. भाचा एका मूर्तीपुढे बराच वेळ उभा राहिला. "हे कुणी केलं?" लोक औरंगजेबाच्या फौजेचं नाव घेतात. मी त्यावर वाद घालत नाही. आपण मुसलमान लेखक असल्या जागी आलो की दोन चुका करतो. एक तर घाईनं "असं काही झालंच नाही" म्हणतो, नाहीतर सगळ्या जगाची माफी मागत सुटतो. दोन्हींत त्या फुटक्या मूर्तीकडे नीट बघणं राहून जातं. बघितलं तर कळतं, की तोडणाऱ्याला वेळ कमी होता आणि घडवणाऱ्यानं आयुष्य घातलं होतं.

गाडीत भाच्यानं विचारलं, "तिकडे राजा ख्रिस्ती आणि चाकर मुसलमान होते. आपल्याकडे राजा हिंदू आणि सुभेदार अरब, असं कधी होतं का?"

होतं की, आणि रॉजरच्या दोनशे वर्षं आधी. पालघर जिल्ह्यात चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणच्या प्रांतावर तेव्हा ताजिक, म्हणजे अरब अधिकारी होता. नाव मुहम्मद, संस्कृत लिहिणाऱ्यानं त्याचं 'मधुमती' करून टाकलं. या मधुमतीनं नदीवर फुकट होड्या ठेवल्या, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं, त्यात भात, कालवण आणि तूप. आणि एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठाला राजाच्या संमतीनं जमीन दिली. भाचा म्हणाला, "तूपसुद्धा लिहून ठेवलंय?" हो, तूपसुद्धा.

दौंडला जेवलो. हे रेल्वेचं गाव, १८७८ पासून मनमाडची लाइन इथून सुटते. इथं सगळ्या भाषा फलाटावर मिळतात, त्याचं वेगळं लिहावं लागेल. भीमा ओलांडली की नगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणायचं. नदीच्या त्याच काठानं पेडगाव.

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण सगळ्यांना ठाऊक, पेडगाव कुठं आहे ते मात्र पुष्कळांना नाही. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोका इथं छावणी करून होता. त्यानं भीमेच्या काठी किल्ला बांधला, बहादूरगड. १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या पाठोपाठ, मराठ्यांची एक लहान तुकडी छावणीवर चालून आल्यासारखं करून पळत सुटली. खानाची फौज तिच्यामागे लांबवर गेली आणि मागे मोठी तुकडी येऊन मोकळी छावणी लुटून गेली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे, असा आकडा सांगतात.

किल्ल्याच्या आत मंदिरं आहेत : भैरवनाथ, मल्लिकार्जुन, रामेश्वर, आणि सगळ्यांत देखणं लक्ष्मीनारायण. सगळी खानाच्या कैक पिढ्या आधीची. खानानं किल्ला बांधताना ती तटाच्या आत आली. शेजारी मोगली धाटणीच्या इमारतींचे अवशेष, आणि नदीचं पाणी वर घ्यायला हत्तीमोट. सिसिलीच्या मापानं बघितलं तर ही एक जागा त्यांच्या नऊंतल्या कुठल्याही एका जागेपुढे मांडावी अशी आहे.

पण इथं मला मोकळेपणानं फिरता येत नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीराजांना आणि कवी कलशांना इथं आणलं, विदूषकाचे कपडे चढवून धिंड काढली, हाल केले. पुढे ११ मार्चला भीमेच्याच वरच्या अंगाला त्यांना मारलं. समाधी आमच्या शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला आहे. किल्ल्याला लोक आता धर्मवीरगड म्हणतात. बहादूरखान माझा कुणी लागत नाही. माझे पूर्वज पिंजारी. कापूस पिंजत गावोगाव हिंडणारे. बादशहाच्या छावणीत असलेच तर गाद्या भरायला असतील. तरी या मातीत उभं राहिलं की नावाचं ओझं होतं.

लक्ष्मीनारायणाच्या ओट्यावर सात-आठ पोरं बसली होती, मोटारसायकलींना भगवे झेंडे. एकानं विचारलं, "कुठले पाव्हणं?" शिरूरचे म्हटलं. "नाव?" नाव सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. भाच्यानं मोबाइल खिशात घातला. मग त्यातला एक म्हणाला, "तुम्ही त्या मोटेकडं बघत होता मघाशी. एवढं पाणी वर चढवून न्यायचे कुठं?" मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं, की हत्ती उतारावरून खाली चालला की मोट वर येते, पाणी उंचावरच्या हौदात पडतं आणि तिथून नळांनी किल्ल्यात फिरतं. सगळे उठून बघायला आले. एकाचं मत होतं हत्तीपेक्षा रेडे परवडले असते. त्यावर बराच काथ्याकूट झाला. निघताना त्यांनी वढूला कधी आलात का विचारलं. आलो होतो, म्हटलं. बस, एवढंच.

परतताना भाच्याला मी सिसिलीच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला, जो तिथल्या पाट्यांवर बारीक अक्षरांत असतो.

रॉजरचा अभिषेकाचा झगा आज व्हिएन्नात आहे. काठावर सोन्याच्या तारेत अरबी मजकूर आणि हिजरी ५२८ साल. मधलं चित्र कसलं? दोन सिंह दोन उंटांना खाली दाबून बसलेत. ११८४ च्या हिवाळ्यात इब्न जुबैर हा अंदलुसचा हाजी जहाज फुटून तिथं पोचला. राजाला अरबी लिहिता-वाचता येतं, मुदपाकखान्यावर मुसलमान आहे, नाताळात ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारख्या नटून बुरख्यात चर्चला जातात, हे त्यानं कौतुकानं लिहिलं. आणि हेही लिहिलं, की दरबारातले मुसलमान लपून नमाज पढतात. तिथल्या मुसलमानांचा सर्वांत मोठा सरदार त्याला म्हणाला, मी माझ्या घरच्यांसकट गुलाम म्हणून विकला गेलो असतो तरी बरं, निदान इथून सुटलो असतो. एका बापानं आपली कुमारी मुलगी यात्रेकरूंच्या हवाली करायची तयारी केली, ती तरी आपल्या माणसांत जावी म्हणून.

पालेर्मोत मुसलमानांच्या कत्तली ११६१ आणि ११८९ मध्ये झाल्या. मग फ्रेडरिक दुसरा, जो अरबी विद्येचा चाहता म्हणून गाजलाय, त्यानंच उरलेल्यांना बेटावरून उचलून इटलीच्या भूमीवर लुचेरा गावी नेऊन वसवलं. १३०० मध्ये ती वस्तीही मोडली, लोक गुलाम म्हणून विकले गेले. छत राहिलं, झगा राहिला, जेब्या राहिली, बोलीतले शब्द राहिले. ज्यांचे शब्द होते ती माणसं राहिली नाहीत. आणि सातशे वर्षांनी त्या वारशाची वाट आखली गेली. भांडायला दुसरी बाजूच नव्हती, मग आखायला काय अडचण?

भाचा म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे पाट्या नाहीत ते बरंच म्हणायचं?"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण आपल्याकडे दोन्ही बाजू अजून गावात राहतात, म्हणून प्रत्येक दगडाचा वाद होतो, हे मला त्या क्षणी नव्यानं दिसलं.

शेवटचा मुक्काम श्रीगोंदा. आधीचं चांभारगोंदा. लिंबाच्या बागांचा मुलूख. इथं शेख महंमद बाबांची समाधी. मूळचे आष्टीकडच्या वाहिऱ्याचे, सुफी परंपरेतल्या चांद बोधल्यांचे शिष्य. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य मानले जातात. म्हणजे नाथ या घराण्यातले पुतणेच लागले. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला. मालोजीराजे भोसले, शिवाजी महाराजांचे आजोबा, त्यांना गुरू मानत. याच मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसानं झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. वारकरी बाबांना संतांत गणतात, आणि आम्ही तिथं फातेहा देतो. अलीकडे या जागेला मंदिर म्हणायचं की दर्गा यावरून गावात वाद झाला, वर्तमानपत्रांत आला. माझ्या लहानपणी आई नुसतं 'बाबांकडं' म्हणायची. बाबांकडं जायचंय, बाबांकडं नारळ द्यायचाय.

आम्ही पोचलो तेव्हा मगरीब होत आली होती. एक म्हातारी नातवाला घेऊन आली, कपाळाला बुक्का, तिनं उंबऱ्याला डोकं टेकलं. भाच्यानं रुमाल डोक्याला बांधला. दोघांनी एकमेकांना वाट दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिरूरला आईच्या पाटीचं काम सांगायला गेलो. कोरणाऱ्यानं वही काढली. नाव मराठीत की उर्दूत? भाचा म्हणाला, "दोन्हीत." तारीख? इसवी की तुमची? भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी हिजरी महिना आठवून सांगितला, मग इंग्रजी तारीख, आणि आई गेली त्या दिवशी आषाढी होती तेही घाला म्हटलं, कारण ती स्वतः दिवस तसेच मोजायची. कोरणाऱ्यानं ओळी मोजल्या आणि म्हणाला, "अक्षरावर पैसे आहेत, बघा."